वेणी कुणाची, पादत्राण कुणाचे : आमरींच्या नावांतील कथा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर हे बेसॉल्ट खडकावर झालेल्या उल्कापाताने पडलेले विवर असून त्यातील पाणी खारे आणि तीव्र अल्कधर्मी आहे. या खारेपणामुळे ‘लवण’ या संस्कृत शब्दाशी नाते सांगणारे नाव त्या स्थळाला मिळाले. परंपरेने मात्र त्या नावाची संगती निराळी लावली आणि जमिनीखाली दडून राहणाऱ्या लवणासुराला विष्णूने दैत्यसूदन होऊन मारल्याची कथा सांगितली, जिची साक्ष म्हणून गावातील दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आजही दाखवले जाते. याच परिसरात रामगया आहे, सीतान्हाणी आहे. म्हणजे विवर, झरे आणि देवळे यांच्या नावांतून पुराणकथांचा एक नकाशाच तेथे उमटलेला आहे. या नकाशाकडे पाहताना एक क्रम ध्यानात येतो, तो असा की पाण्याची चव माणसाच्या जिभेला आधी कळली, असुर नंतर आला, आणि असुराच्या कथेने त्या चवीची आठवण शतकानुशतके टिकवून धरली. वनस्पतींच्या नावांतही हाच क्रम पुन्हा पुन्हा आढळतो, आणि तो सर्वांत ठळकपणे दिसतो तो आमरींच्या, म्हणजे ज्यांना सर्वसाधारणपणे ऑर्किड म्हटले जाते त्या वनस्पतींच्या नावांत.

आमरींचे कुल हे सपुष्प वनस्पतींतील सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक असून जगभरात त्याच्या पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत. महाराष्ट्रात शंभराहून अधिक जातींची नोंद झालेली आहे आणि त्यांतील बहुसंख्य सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात वाढतात. वनस्पतिशास्त्रात प्रत्येक जातीचे नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या आप्त जातींच्या समूहाचा, आणि दुसरा त्या विशिष्ट जातीचा. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनिअस यांनी १७५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे वनस्पतींसाठी रूढ झाली. ही नावे लॅटिन वळणाची असली, तरी त्यांतील शब्द ग्रीक पुराणकथांतून, अरबी बाजारातून, मलबारच्या वैद्यांकडून आणि संस्कृत कोशांतूनही आलेले आहेत, आणि प्रत्येक शब्दामागे कुणीतरी त्या वनस्पतीकडे निरखून पाहिल्याचा पुरावा आहे.

बुलढाणा जिल्हा उत्तरेकडे सातपुड्याला आणि दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेला टेकलेला असून मधल्या पठारावर आणि पूर्णेच्या खोऱ्यात शेती पसरलेली आहे. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा अभयारण्य मेळघाटच्या जंगलाशी जोडलेले आहे, तर ज्ञानगंगा अभयारण्य अजिंठ्याच्या रांगेत आहे. दोन्ही ठिकाणचे जंगल उन्हाळ्यात पाने गाळणारे, कोरडे. पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा यांनी भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेसाठी सिद्ध केलेला या जिल्ह्याच्या वनस्पतींचा ग्रंथ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. अशा कोरड्या मुलखात आमरींच्या जाती मोजक्याच असतात, पण विदर्भाच्या या हवामानाला सरावलेली एक आमरी अशी आहे की तिच्या नावातच या लेखाचा अर्धा विषय सामावलेला आहे. ती म्हणजे वांडा टेसेलाटा, मराठीतील बांदा किंवा रास्ना.

ही आमरी जमिनीत रुजत नाही. आंबा, मोह, बाभूळ अशा झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर ती आपल्या जाड, पांढुरक्या मुळांनी पकड घेते, आणि तिची काही मुळे हवेत मोकळी लोंबत राहतात. या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पावसाचे आणि दवाचे पाणी त्यात शोषले जाते आणि सालीवर साचलेल्या धुळीतून व कुजलेल्या पाल्यातून पाण्यात उतरलेली खनिजे तिला मिळतात. झाडाच्या आतील रसाला ती स्पर्श करीत नाही. अशा केवळ आधारापुरत्या दुसऱ्या वनस्पतीवर राहणाऱ्या वनस्पतीला अपिवनस्पती म्हणतात. उन्हाळ्यात, जेव्हा भोवतालचे जंगल निष्पर्ण असते, तेव्हा तिला सुगंधी फुलांचे तुरे येतात. फुलांच्या पिवळसर-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी रेषांची चौकटदार जाळी असते आणि मधली ओठासारखी पाकळी निळसर-जांभळी असते. ‘टेसेलाटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थच चौकटींच्या नक्षीचे, फरसबंदीसारखे असा आहे, आणि हे विशेषण कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींचे वर्णन करताना विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये तिला दिले.

नावाचा पहिला शब्द ‘वांडा’ मात्र संस्कृत आहे. अमरकोशात झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीसाठी वन्दा, वृक्षादनी, वृक्षरुहा आणि जीवन्तिका असे चार पर्याय एकत्र दिलेले आहेत. त्यांपैकी वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी, हे निखळ वर्णन आहे. वृक्षादनी म्हणजे झाड खाणारी, हा आरोप आहे. आणि जीवन्तिका म्हणजे जिवंत राहणारी, हा गौरव आहे. कोशकाराच्या काळी आमरी आणि बांडगूळ यांच्यात आजच्यासारखा शास्त्रीय भेद केलेला नव्हता, त्यामुळे झाडात आपली शोषके घुसवून पाणी ओढणारे बांडगूळ आणि नुसती सालीवर बसणारी आमरी या दोहोंवर ही नावे सरसकट पसरली. कलकत्त्यात १७८४ मध्ये एशियाटिक सोसायटीची स्थापना करणारे न्यायाधीश आणि संस्कृतज्ञ विल्यम जोन्स यांनी भारतीय वनस्पतींवरील आपल्या निबंधात या आमरीचे वर्णन ‘वन्दा’ याच नावाने केले. तो निबंध त्यांच्या निधनानंतर, १७९५ मध्ये छापला गेला, आणि रॉबर्ट ब्राउन यांनी १८२० मध्ये तोच शब्द प्रजातीचे नाव म्हणून शास्त्रात पक्का केला. आज जगभरातील पुष्पबाजारांत वांडा हे नाव उच्चारले जाते तेव्हा वऱ्हाडातल्या बांद्याचा आणि अमरकोशातील वन्देचाच उच्चार होत असतो.

आधार देणाऱ्या झाडावरून आमरीला ओळखण्याची रीत केवळ संस्कृत कोशापुरती नाही. आमर, आमरी या मराठी नावांचा संबंध आंब्याच्या झाडाशी लावला जातो, कारण जुन्या आंब्यांच्या खडबडीत सालीवर या वनस्पती हमखास सापडतात. डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीडे यांनी मलबारमधील वनस्पतींवर तयार करवलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला, आणि त्यात एका लांब तुऱ्याच्या आमरीचे नाव ‘अंजली मरवर’ असे नोंदवलेले आहे. अंजली किंवा आंजिली हे फणसाच्या जवळच्या नात्यातील झाड, आणि त्यावर वाढणारी ती ही आमरी. या ग्रंथाच्या सिद्धतेत मलबारचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचा सहभाग होता, आणि त्यांचे नागरी लिपीतील निवेदन ग्रंथाच्या आरंभी छापलेले आहे. मराठी मुलखात आंबा आणि मलबारात आंजिली, असा झाडांचा फरक असला तरी निरीक्षणाची पद्धत एकच होती.

बांद्याचे दुसरे नाव रास्ना हे वैद्यकातून आले. वातविकारांवरील औषधांत रास्नेला मोठे स्थान आहे, परंतु प्राचीन ग्रंथांतील रास्ना म्हणजे नेमकी कोणती वनस्पती याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. उत्तर भारतात सूर्यफुलाच्या कुलातील एक झुडूप, दक्षिणेत कुलंजनासारखा कंद, तर बंगाल आणि इतर काही भागांत वांड्याची मुळे या नावाने वापरली जातात. अमरकोशातील रास्नेचे पर्याय मात्र एका लोककथेकडे बोट दाखवतात. नाकुली, गंधनाकुली आणि नकुलेष्टा या नावांत नकुल, म्हणजे मुंगूस आहे, आणि भुजंगाक्षी या नावात साप आहे. सापाशी झुंजताना दंश झाला की मुंगूस रानात पळते, विशिष्ट मुळी चावते आणि पुन्हा लढायला येते, हा समज भारतभर पसरलेला असून मराठीतील मुंगूसवेल हे नावही त्यातूनच आले आहे. मुंगसाला विषाची बाधा कमी होते याचे कारण त्याच्या शरीरातील पेशींच्या रचनेत आहे, असे आधुनिक संशोधनाने दाखवले आहे. तरीही मुंगूस सापाशी झुंजून वाचते हे मूळ निरीक्षण अचूक होते, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी रचलेल्या कथेने एका मुळीला नाव दिले.

मलबारच्या ज्या आमरीचा उल्लेख वर आला तिचे शास्त्रीय नाव ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा असे आहे. ग्रीक शब्दांपासून बनलेल्या पहिल्या शब्दाचा अर्थ चोचीसारखा स्तंभ, आणि दुसऱ्या लॅटिन शब्दाचा अर्थ टोकाशी बोथट खाच असलेली, जो तिच्या पानांना लागू पडतो. सह्याद्रीत मात्र तिला सीतेची वेणी म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडाशी पांढऱ्या-गुलाबी फुलांनी गच्च भरलेला तिचा लांब घोस फांदीवरून खाली लोंबतो, आणि वेणी या मराठी शब्दाचे दोन्ही अर्थ, केसांची गुंफण आणि केसांत माळायची फुलांची गुंफण, त्याला एकाच वेळी लागू होतात. रामासह गोदावरीच्या काठी राहत असताना सीता ही फुले माळत असे आणि तिच्या हरणाच्या वेळी ती तेथेच गळून पडली, असे सांगितले जाते. पूर्व भारतात हीच फुले द्रौपदीमाला म्हणून ओळखली जातात, आणि आसामात कपौ फूल या नावाने ती बिहूच्या नृत्यात तरुणींच्या अंबाड्यात दिसतात. फूल एक, घोसाचा आकार एक, पण ती वेणी कुणाची हे ठरवताना गोदावरीकाठच्या लोकांनी आपल्या भूमीत वनवास भोगलेल्या सीतेला निवडले आणि दुसऱ्या प्रांताने पांडवांच्या राणीला. कथेतील पात्र प्रदेशाप्रमाणे बदलले. पाहणाऱ्याच्या डोळ्याला जाणवलेले रूप बदलले नाही.

याच तऱ्हेचा बदल युरोपात एका पादत्राणाच्या बाबतीत झाला. तेथील थंड जंगलांत वाढणाऱ्या एका आमरीच्या फुलाची खालची पाकळी फुगीर, पिवळ्या सपातेसारखी असते, आणि मध्ययुगीन ख्रिस्ती लोकांनी तिला येशूची माता मेरी हिची सपाता मानले. लिनिअस यांनी १७५३ मध्ये याच प्रजातीला सिप्रिपीडियम हे नाव दिले. सिप्रिस म्हणजे सायप्रस बेटाची देवता, अर्थात ग्रीकांची प्रेमदेवता अ‍ॅफ्रोडाइटी, आणि नावाचा उत्तरार्ध पादत्राण या अर्थाच्या ग्रीक शब्दावर बेतलेला आहे. अशा रीतीने मेरीच्या पायातली सपाता देवतेच्या पायात गेली. पुढे आशियातील सपातेसारख्या फुलांच्या जातींसाठी १८८६ मध्ये पॅफिओपेडिलम ही निराळी प्रजाती करण्यात आली, तेव्हाही नाव देणाऱ्यांनी सायप्रसमधील पॅफोस हे अ‍ॅफ्रोडाइटीच्या देवळाचे गावच निवडले. सीता आणि द्रौपदी यांच्यात वाटल्या गेलेल्या वेणीप्रमाणेच ही सपाताही दोन श्रद्धांमध्ये फिरली, आणि दोन्हीकडे फुलाचा आकार हाच त्या श्रद्धांना जोडणारा दुवा राहिला.

‘ऑर्किड’ या शब्दाची कथा याहून अधिक बोधप्रद आहे. ग्रीक भाषेत ‘ऑर्किस’ म्हणजे वृषण, आणि भूमध्य समुद्राकाठच्या अनेक जमिनीतील आमरींना शेजारी शेजारी दोन गोल कंद असतात, एक गेल्या वर्षीचा आक्रसलेला आणि एक पुढच्या वर्षीसाठी भरलेला. ख्रिस्तपूर्व काळातील वनस्पतिज्ञ थिओफ्रास्टस यांनी हे दोन कंद नोंदवून ठेवले आहेत. आकारावरून गुण ओळखण्याच्या जुन्या समजुतीनुसार हे कंद पौरुषवर्धक मानले गेले आणि अरबांनी त्यांना कोल्ह्याच्या वृषणांवरून नाव दिले, ज्यातला कोल्ह्याचा शब्द ‘सालब’ होत होत भारतीय बाजारात सालम मिश्री या रूपाने पोहोचला. मिश्री म्हणजे मिस्र देशातून, इजिप्तमधून आलेली. आकार, औषध आणि व्यापार यांचा हा सरळ प्रवास असताना, ऑर्किस नावाच्या एका उन्मत्त तरुणाने मद्यदेवाच्या पुजारिणीवर हात टाकला, त्याचे तुकडे झाले आणि त्यातून ही वनस्पती उगवली, अशी एक ‘ग्रीक पुराणकथा’ अनेक पुस्तकांत सांगितली जाते. प्राचीन ग्रीक साहित्यात ही कथा आढळत नाही. ती अठराव्या शतकाच्या आरंभीच्या फ्रेंच बागकामविषयक लेखनात प्रथम अवतरते. म्हणजे नाव दोन हजार वर्षांचे आणि कथा तीनशे वर्षांची, आणि लोणारच्या खाऱ्या पाण्याप्रमाणे येथेही नावानेच कथेला जन्म दिला.

काही नावे मात्र लोकांनी नव्हे, तर अभ्यासिकेत बसलेल्या विद्वानांनी पुराणकथांतून मुद्दाम उचलली. हिमालयातही आणि सह्याद्रीतही आढळणाऱ्या सॅटिरियम नेपाळेन्सी या आमरीच्या नावात ग्रीकांचे सॅटर, म्हणजे मद्यदेवाच्या मागे फिरणारे अर्धे माणूस व अर्धे पशू असलेले वनचर आहेत. उत्तर गोलार्धातील शंकुवृक्षांच्या सावलीत एकट्याने फुलणाऱ्या एका आमरीचे नाव कॅलिप्सो. होमरच्या महाकाव्यात ओडिसिअसला आपल्या बेटावर सात वर्षे लपवून ठेवणाऱ्या अप्सरेचे हे नाव, ज्याचा अर्थ लपवणारी असा होतो. सह्याद्रीतील झाडांवर आढळणाऱ्या ओबेरोनिया या प्रजातीची फुले जेमतेम मोहरीएवढी असतात, आणि जॉन लिंडली यांनी १८३० मध्ये तिला शेक्सपिअरच्या नाटकातील पऱ्यांचा राजा ओबेरॉन याचे नाव दिले. ही नावे लोककथेतून उगवलेली नसली तरी तीही मनमानी नाहीत, कारण लपलेल्या फुलाला लपवणारीचे आणि अतिसूक्ष्म फुलाला परीराजाचे नाव देताना त्या विद्वानांनीही आधी फूल नीट पाहिलेले होते.

भारतीय वैद्यकातील अष्टवर्ग या आठ बलवर्धक वनस्पतींच्या गटातही आमरी आहेत. आजच्या अभ्यासकांच्या मते जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पती हिमालयातील आमरी होत. ऋषभकाचा कंद बैलाच्या शिंगासारखा आणि जीवकाचा कुंचल्यासारखा, ऋद्धीचे फळ डावीकडे वळलेले आणि वृद्धीचे उजवीकडे, असे बारकावे भावप्रकाश या ग्रंथात दिलेले असून हे द्रव्य राजांनाही दुर्मीळ असल्याने त्याऐवजी शतावरी, अश्वगंधा, विदारीकंद यांसारखी सहज मिळणारी औषधे वापरावीत असेही तेथे सांगितले आहे. दुर्मीळ वनस्पतीला सहज मिळणारा पर्याय सुचवणारी ही दृष्टी आजही मोलाची आहे. संजीवनीच्या शोधातही एक आमरी येते. बुलढाणा जिल्ह्यातीलच नांदुऱ्याच्या महामार्गालगत उभी असलेली १०५ फुटी हनुमानमूर्ती ज्या देवाची आहे त्याने द्रोणागिरी उचलून आणल्याची कथा सर्वांना परिचित आहे. त्या पर्वतावरील संजीवनी कोणती असावी याचा विचार के. एन. गणेशय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात केला, तेव्हा विविध भारतीय भाषांतील मिळत्याजुळत्या नावांची छाननी करून अखेरीस उरलेल्या मोजक्या वनस्पतींत जीवंती या नावाने औषधात वापरली जाणारी झाडावरची आमरी होती.

जीवंती हा शब्द पुन्हा अमरकोशातील त्या चार नावांकडे घेऊन जातो. जीवन्तिका या शब्दाचेच मराठी रूप म्हणजे श्रावणातल्या शुक्रवारी घरोघरी पूजली जाणारी लेकुरवाळी जिवती; मुलाबाळांना जिवंत ठेवणाऱ्या देवतेचे आणि पानगळीतही फांदीवर हिरव्या राहणाऱ्या वनस्पतीचे नाव भाषेने एकच ठेवले. दुर्दैवाने व्यवहारात दुसरेच नाव बलवत्तर ठरले. मराठीत बांडगूळ हा शब्द दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला शिवीसारखा लावला जातो, आणि फांदीवर वाढणारे जे जे दिसेल ते झाड खाणारे, या समजुतीने बांद्याची आमरीही बांडगुळाबरोबर विळ्याने उतरवली जाते. आमरीच्या एका फळात धुळीसारखी असंख्य बीजे असली, तरी त्यांत अन्नसाठा नसतो आणि योग्य बुरशीचे साहचर्य लाभल्याखेरीज ती रुजत नाहीत. म्हणून उपटलेल्या एका जुन्या झुपक्याची जागा नवा झुपका सहजासहजी घेत नाही, आणि बांधावरचा जुना आंबा तोडला गेला की त्याच्या सालीवरची सारी वस्ती एका दिवसात नाहीशी होते.

सीतेची वेणी तोडायला हात धजावत नाही आणि बांडगूळ तोडताना अडखळत नाही, इतकी नावाची सत्ता मोठी आहे. शास्त्राने आता निःसंशय दाखवून दिले आहे की वांड्याची आमरी झाडाकडून केवळ आधार घेते, त्यामुळे वृक्षादनी हा तिच्यावरचा आरोप खोटा ठरतो, वृक्षरुहा हे वर्णन खरे ठरते, आणि वैशाखाच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर फुललेली ती पाहिली की जीवन्तिका हे नावही खरे ठरते. ही दोन खरी नावे अमरकोशात केव्हापासूनच नोंदलेली आहेत. बुलढाण्याच्या बांधावरच्या आंब्याखाली उभे राहून वर पाहणाऱ्या मुलांना, हे बांडगूळ नव्हे, ही जिवतीच्या नावाची आमरी आहे, एवढे सांगणारे माणूस घरात आणि शाळेत असले, तर तिच्यावर विळा चालणार नाही.